लांबी गमावलेला तंतू

काचतंतूची भुकटी चिमटीत घेतली असता ती पिठासारखी, परंतु थोडीशी पिंजलेली अशी लागते; भिंगाखाली मात्र तिच्यात कण म्हणून काही दिसतच नाही. दिसतात त्या दहा-बारा मायक्रॉन जाडीच्या, बहुधा शंभर-दोनशे मायक्रॉन लांबीच्या, आणि खडू मोडावा तशा आडव्या तुटलेल्या असंख्य पारदर्शक काड्या.

तंतूचे सारे मोल ज्या लांबीत असते तीच येथे बुद्धिपुरस्सर नष्ट केलेली आहे, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. काच जितकी बारीक ओढावी तितकी ती बळकट होते, हे ब्रिटिश अभियंता ग्रिफिथ याने 1921 च्या आपल्या निबंधात दाखवून दिले होते. पुढे 1932 साली अमेरिकेत डेल क्लाइस्टच्या हातून वितळत्या काचेवर दाबाच्या हवेचा झोत पडला आणि तंतूंचा पुंजकाच हाती आला. आज प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या सच्छिद्र पात्रांतून जो अखंड तंतू एवढ्या सायासाने ओढला जातो, तोच घणचक्कीत कुटून चाळणीतून काढावा, यात शहाणपण ते कोणते?

उत्तर असे की, ही भुकटी प्लॅस्टिकच्या राळेत मिसळण्यासाठी असते; त्या राळेतील ताण पुरतेपणी पेलण्यास तंतूला एक किमान लांबी लागते आणि ती या काड्यांपाशी सहसा नसते. म्हणून ताणबळाची मोठी अपेक्षा त्यांच्याकडून करूच नये. त्यांचे काम आवर घालण्याचे. साच्यात रस ओतला जात असता लांब तंतू प्रवाहाच्या दिशेने निजतात, आकुंचन उभे निराळे व आडवे निराळे होते, आणि सपाट तबकडी उन्हातल्या पापडासारखी वाकते; आखूड काड्यांमुळे हा दोष बराच कमी होतो.

या आवराचा उत्तम दाखला टेफ्लॉनचा. 1938 साली रॉय प्लंकेटला सापडलेला हा निसरडा जिन्नस सतत दाबाखाली ठेवला की थंडपणीच हळूहळू पसरत जातो, आणि तापल्यावर काचेच्या वीस पटींहून अधिक फुगतो. परंतु वजनाने पंधरा किंवा पंचवीस टक्के भुकटी मिसळताच त्याचे पसरणे बरेच आटोक्यात येते, झीज तर शेकडो पटींनी घटते, आणि व्हॉल्व्हची बैठक किंवा बिनतेलाच्या कॉम्प्रेसरमधील पिस्टनची कडी त्यातून घडवता येते. लेथवरच्या कारागिराला मात्र हा माल नकोसाच, कारण हत्याराची धार लवकर बोथट होते. शिवाय समोर पितळ किंवा ॲल्युमिनियमसारखा मऊ धातू असला तर काच त्यालाच खरवडते. हायड्रोफ्लुओरिक आम्ल व तीव्र अल्कली यांच्यापाशी तर या मिश्रणाला मज्जावच करावा, कारण तेथे टेफ्लॉन टिकतो, काच टिकत नाही.

ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉसच्या जागी, इपॉक्सीच्या फरशीत, पुट्टीत, असे या भुकटीचे इतर उपयोग पुष्कळ आहेत. ॲस्बेस्टॉसचे नाव निघाल्यावर मन दचकते खरे. परंतु या काड्या जाड असल्यामुळे फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत सहसा पोहोचत नाहीत. तरीही पोते उघडताना मुखपट्टी बांधावी, आणि मनगटाला खाज सुटली तर न चोळता हात वाहत्या पाण्याखाली धरावा.