'लैला'मधला स्कायडोम खरंच होऊ शकतो का?

नेटफ्लिक्सवर 14 जून 2019 ला 'लैला' आली आणि दोन दिवसांत लोकांच्या बाजू ठरून गेल्या. एका गटाला ही मालिका म्हणजे धर्माची बदनामी वाटली, दुसऱ्याला हेच आपलं उद्याचं चित्र वाटलं. सप्टेंबरात मुंबईत शिवसेनेच्या एका सदस्याने नेटफ्लिक्सविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली, त्यातही 'लैला'चं नाव होतं. प्रयाग अकबर यांच्या 2017 च्या कादंबरीवर बेतलेली ही सहा भागांची गोष्ट आहे. आर्यावर्त नावाचा देश, काळ 2040 च्या दशकातला, आणि हरवलेल्या मुलीला शोधणारी शालिनी (हुमा कुरेशी). पुढे स्पॉयलर आहेत, सांभाळून.

शेवट अर्धवट सोडल्यामुळे दुसऱ्या सीझनबद्दल भरपूर अंदाज बांधले गेले. सीझन काही आला नाही. "एक-एक स्टार देऊन रेटिंग पाडलं म्हणून बंद पडली," असं अजूनही ऐकू येतं. पण आयएमडीबी साधी सरासरी काढत नाही, प्रत्येक मताला तिथे सारखं वजन नसतं. आणि नेटफ्लिक्सने स्वतःचे स्टार 2017 मध्येच काढून अंगठे आणले. सीझन पुढे न्यायचा का, हे ठरवताना तिथे किती लोकांनी पाहिलं आणि त्या मानाने खर्च किती झाला, हे बघतात. म्हणजे तुम्ही चिडून लिहिलेल्या कमेंटपेक्षा दुसऱ्याच भागात गुपचूप बंद केलेला व्हिडिओ जास्त बोलतो.

राजकारणावरची भाकितं मी बाजूला ठेवतो, ती तपासायला माझ्याकडे मोजपट्टी नाही. तंत्रज्ञानाची मात्र तपासता येतात.

पहिलं पाण्याचं. मालिकेत पाणी म्हणजे श्रीमंती. ती आली त्याच महिन्यात चेन्नईचे तलाव आटले होते, त्यामुळे "हे आत्ताच सुरू झालंय" ही प्रतिक्रिया सगळीकडे उमटली. आमच्याकडेही जुलै 2019 मध्ये तोतलाडोह कोरडं पडलं आणि नागपूरला एक दिवसाआड पाणी सुरू झालं. पण इथे एक गोष्ट मालिकेच्या उलट घडली आहे. नागपूरचं सांडपाणी भांडेवाडीत शुद्ध होतं आणि त्यातलं रोज 13 कोटी लिटर कोराडीच्या वीज प्रकल्पासाठी वापरायची योजना महापालिका आणि महानिर्मितीने मिळून केली. प्रकल्पाला सगळ्यात जास्त पाणी लागतं ते थंड करायला, त्यासाठी पिण्याचं पाणी कशाला? जिवाणू घाण खातात, मग पाणी गाळून पुढे पाठवलं जातं. हे तंत्रज्ञान तसं जुनंच आहे, फक्त त्यावर कोणी मालिका काढत नाही.

आता स्कायडोम. श्रीमंत वस्तीवर एक प्रचंड घुमट. आत थंड, स्वच्छ हवा आणि त्यातून निघणारी उष्णता बाहेरच्या झोपडपट्ट्यांवर. बऱ्याच प्रेक्षकांनी "हे जरा अतीच" म्हणून सोडून दिलं. माझ्या मते अख्ख्या मालिकेतलं सगळ्यात पक्कं भाकीत हेच आहे.

कारण एसी गारवा तयार करत नाही, तो उष्णता उचलून दुसरीकडे टाकतो. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालतो तेव्हा खोलीतून साधारण सव्वापाच किलोवॉट उष्णता उचलतो. त्याला स्वतःला दीड किलोवॉटच्या आसपास वीज लागते, तीही शेवटी उष्णताच होते. बाहेर फेकली जाते एकूण पावणेसात किलोवॉट. मे महिन्यात एखाद्या अपार्टमेंटच्या मागच्या गल्लीत, सगळ्या आउटडोअर युनिटच्या खाली उभे राहून बघा. बारका स्कायडोम तो हाच.

पण खरी गंमत विजेच्या पलीकडच्या टोकाला आहे, म्हणजे कोराडीत. मी इथलाच. जगदंबेच्या मंदिराइतक्याच इथल्या चिमण्या लांबून ओळखू येतात. 660 मेगावॉटचे तीन संच, शिवाय जुनं युनिट वेगळं. असे संच कोळशातल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने 40 टक्क्यांची वीज करतात. उरलेली बहुतेक कूलिंग टॉवर आणि चिमणीतून इथल्याच हवेत जाते. एक युनिट विजेला साधारण 650 ग्रॅम कोळसा धरा. तुमच्या एसीने रात्रभरात आठ युनिट घेतली तर कुठल्या ना कुठल्या औष्णिक केंद्रात पाच किलोच्या वर कोळसा जळला आणि दीड-दोन किलो राख उरली, कारण आपल्या कोळशात राख फार. खोली मुंबईत गार होते, राख केंद्राच्या गावात राहते. घुमटाला काच लागतेच असं नाही, वीजवाहिनी पुरते.

चिमणीतली बहुतेक राख विजेच्या प्रभाराने खेचून पकडली जाते. त्यातली काही सिमेंट आणि विटांना जाते, काही पाण्यात कालवून राखबंधाऱ्यात. जुलै 2022 च्या मुसळधार पावसात इथला खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राखेचं पाणी शेतांत, नाल्यांत शिरलं. सल्फर डायऑक्साइड हा वायू मात्र त्या यंत्रणेला सापडत नाही, त्याला चुनखडीने धुणारी एफजीडी नावाची वेगळी यंत्रणा लागते. देशातल्या औष्णिक केंद्रांसाठी त्याची मर्यादा डिसेंबर 2015 मध्ये ठरली, मुदत होती 2017. ती पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना या यंत्रणेच्या सक्तीतून सूटच मिळाली. मालिकेत घुमट उभारणारे बाहेरच्यांचा विचार करत नाहीत, तेव्हा आपल्याला ते खलनायक वाटतात. इथे मुदतवाढीच्या अधिसूचना निघतात, आणि त्यांवर कोणी एक स्टारसुद्धा देत नाही.

हवेचा आकडा फोनवर बघत असाल तर एवढं लक्षात ठेवा. एक्यूआय आठ प्रदूषकांवरून ठरतो, पण त्यांची सरासरी काढली जात नाही. ज्याचा उपनिर्देशांक सगळ्यात वाईट, तोच अंतिम आकडा. शिवाय धूलिकणांचा आकडा 24 तासांच्या सरासरीवर असतो, त्यामुळे सकाळी दोन तास धूर साचला तरी ॲप निवांत हिरवं दिसू शकतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप मोजणी केंद्राचं नाव दाखवतं, ते आधी वाचा. बाकीची बरीच ॲप्स "तुमचं लोकेशन" असं लिहून जवळच्या केंद्राचा किंवा संगणकाच्या अंदाजाचा आकडा देतात. कोराडीत उभं राहून सिव्हिल लाइन्सची हवा वाचत नाही ना, एवढं तरी नक्की बघा.