डाख कोण उचलतो?

कोलकात्याच्या पूर्वेस वसलेल्या न्यू टाउनमध्ये आणि शेजारच्या बिधाननगरातील सेक्टर पाचमध्ये दिवसभर संगणकांवर काम चालते. अशा यंत्रातील एखादा लहान घटक निकामी झाला, तर तेवढाच बदलता येतो. परंतु घटकाचे पाय मंडलपट्टीवर, म्हणजे कारागिरांच्या ‘पीसीबी’वर, डाखाने जखडलेले असतात. ते बळाने उपटल्यास तांब्याचा पातळ थर उखडतो व पट्टी वाया जाते. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील कारागीर असो वा कोलकात्याच्या चांदनी बाजारातील, तो डाख-शोषक हाती घेतो.

‘शोषक’ हे नाव मात्र फसवे आहे. पोकळी काहीही ओढीत नाही. ढकलते ती बाहेरची हवा. दर चौरस सेंटिमीटरवर हवेचा भार सुमारे १ किलोग्रॅम असतो. शोषकाचे छिद्र १ मिलिमीटर व्यासाचे धरले, तर त्यावर फार तर ८ ग्रॅम भार पडेल. हा भार क्षुल्लक वाटेल. पण १ घन मिलिमीटर डाखाचे वजन ८ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे त्याच्या हजाराव्या हिश्शाएवढेच असते!

साध्या हातशोषकात नळी, दट्ट्या व स्प्रिंग असते. दट्ट्या दाबून अडकवावा, डाख वितळताच टोक टेकवून कळ दाबावी. दट्ट्या झटकन मागे सरतो, नळीतील हवा विरळ होते आणि बाहेरची हवा डाखाला आत लोटते. विजेच्या शोषकात टोकच पोकळ व तप्त असते. त्यामागे डाख साठविणारी कुपी, गाळणी व पंप असतात.

यावरून दोन अटी स्पष्ट होतात. डाख पूर्ण वितळलेला हवा, आणि हवेचा मार्ग मोकळा व निश्छिद्र हवा. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेला डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. कथील, चांदी व तांबे यांचा शिसेविरहित डाख सुमारे २१७ अंशांना.

सारी निगा या दोन अटींसाठीच असते. विजेच्या शोषकाचे छिद्र टोक तापलेले असतानाच तारेने साफ करावे. कुपी वेळेवर रिकामी करावी. राळेच्या धुराने चिकटलेली गाळणी बदलावी. थंड हातशोषकाच्या तोंडावर बोट ठेवून कळ दाबावी. बोटाला ओढ जाणवली नाही, तर दट्ट्याचे रबरी कडे झिजले आहे असे समजावे. तप्त टोकावर कानस कधीही चालवू नये, कारण आतील तांब्याचे रक्षण करणारा लोखंडी मुलामा त्याने जातो. काम संपल्यावर त्या टोकास ताज्या डाखाची कल्हई द्यावी. शिसे विषारी असल्याने हात धुतल्याविना अन्नास स्पर्श करू नये.

गाळणी तुंबली, तर डाख निघत नाही. मग कारागीर तोच सांधा पुन्हा पुन्हा तापवितो. तांब्याचा थर धरून ठेवणारा चिकटा सुटतो आणि दुरुस्त होऊ शकणारी पट्टी कचऱ्यात जाते. स्वच्छ गाळणीचे मोल यातच आहे.