कौटुंबिक हिंसाचार कायदा: ‘तक्रार केली की नवरा आत’ हे कुणी सांगितलं?

लग्नाची पंगत असो की सोसायटीची मीटिंग, विषय निघाला की कुणीतरी ठासून सांगतंच: “त्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बाईने नुसती तक्रार केली की नवरा थेट तुरुंगात!” चारचौघं माना डोलावतात. कायदा वाचलेला त्यात सहसा कुणी नसतो.

२००५चा हा कायदा मुख्यतः दिवाणी दिलासा देणारा आहे. अर्ज दंडाधिकाऱ्यापुढे होतो. मागता येतो तो हिंसा थांबवण्याचा संरक्षण आदेश, राहत्या घरातला निवारा, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई. गुन्हा घडतो तो न्यायालयाचा संरक्षण आदेश मोडल्यावर. त्याला एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कोर्टाने बजावूनही ज्याने हात उचलला, त्याचा कळवळा नेमका कशासाठी?

लोक गल्लत करतात ती भारतीय दंड संहितेतल्या, पत्नीच्या छळाबद्दलच्या ४९८-अ शी. हुंडाबळींविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या महिला संघटनांच्या रेट्यामुळे ते फौजदारी कलम १९८३ साली आलं. आता ते भारतीय न्याय संहितेत आहे. तिथेही सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात बजावलं आहे.

पण नवऱ्यावर गुन्हा दाखल झाला तरी बाईचा प्रश्न सुटत नव्हता. रात्री नेसत्या साडीनिशी बाहेर काढलेल्या बाईचे दागिने, रेशनकार्ड, मुलांची दप्तरं सगळं कुलपाआड. तिला आधी त्या घरात परत जायचं असतं. म्हणून संघटनांनी वेगळा दिवाणी कायदा मागितला. ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ या वकिलांच्या संस्थेने मसुदा केला. सरकारने २००२ मध्ये आणलेल्या विधेयकात मात्र ‘सवयीने’ केलेली मारहाण हिंसा ठरत होती, आणि स्वतःच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणाची सबब नवऱ्याला मोकळी होती. किती थपडा झाल्या की सवय म्हणायची? संघटनांनी विरोध केला, संसदीय समितीपुढे म्हणणं मांडलं. २००५च्या कायद्यात ही अट राहिली नाही, ती सबबही नाही. राहत्या घरात राहण्याचा हक्क मात्र आला. याला घर मोडणारा कायदा म्हणणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

‘मारलं तरच हिंसा.’ शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती, पगार काढून घेणं, खर्चाला पैसे न देणं हेही कायद्यात आहे.

‘फक्त बायकोसाठी.’ एका घरात राहणारी आई, बहीण, विधवा सून, लग्नासारख्या नात्यातली स्त्रीही अर्ज करू शकते.

‘घर सासऱ्यांच्या नावावर, मग हक्क कसला?’ तेवढ्या कारणाने राहण्याचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. मालकी मिळते असं मात्र नाही.

‘बायका उठसूट तक्रार करतात.’ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं: हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली.

कायदा आला, तरी तो नीट राबवण्याची मागणी अजून संपलेली नाही. अनेक ठिकाणी, या कायद्याखाली पीडित स्त्रीला मदत करणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याचं काम दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात जादा कार्यभार म्हणून पडतं. जिल्हा-तालुका पातळीवर हे अधिकारी नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्येही राज्यांना सांगावं लागलं. तुमच्या तालुक्यात हा अधिकारी कोण, कुठे बसतो, एकदा विचारून ठेवा; आणि अडलेल्या बाईला १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक सांगा.