टर्बोचार्जरमधील बिघाडाचे निदान (डिझेल मोटार)

टर्बोचार्जरमधील बिघाडाचे निदान म्हणजे डिझेल मोटारीची शक्ती घटणे, धूर वाढणे किंवा इंजिनातून शिट्टीसारखा आवाज येणे या लक्षणांचे मूळ टर्बोचार्जरमध्ये आहे की त्याला जोडलेल्या अन्य भागांत, हे क्रमाने पडताळून ठरवण्याची प्रक्रिया होय. टर्बोचार्जर हा इंजिनाच्या महागड्या भागांपैकी एक आहे. शक्ती घटली की प्रथम त्याच्यावरच संशय घेतला जातो. परंतु जुन्या मोटारींत दोष पुष्कळदा चिरलेल्या रबरी नळीत, तुंबलेल्या गाळणीत किंवा बिघडलेल्या झडपेत असतो. उलटपक्षी, टर्बोचार्जर खरोखर निकामी झाला असेल आणि त्याचे कारण न शोधता नवा बसवला, तर तोही अल्पावधीत निकामी होण्याची शक्यता असते.

पार्श्वभूमी

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या ऊर्जेवर हवा दाबण्याच्या कल्पनेसाठी पेटंट अर्ज केला. प्रारंभी डिझेल इंजिनांत हे तंत्र मुख्यतः जहाजे, रेल्वे इंजिने आणि मालमोटारींमध्ये वापरले जाई. १९७८ मध्ये विक्रीस आलेली मर्सिडीज-बेन्झ ३०० एसडी ही टर्बोचार्जर असलेल्या पहिल्या डिझेल प्रवासी मोटारींपैकी एक होय. भारतात २००७ पासून मारुती स्विफ्टच्या डिझेल आवृत्तीत वापरले गेलेले फियाटच्या आराखड्याचे १.३ लिटर इंजिन विशेष प्रचलित झाले. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथील कारखान्यातही त्याचे उत्पादन होत असे. त्याच्या ७५ अश्वशक्तीच्या आवृत्तीत स्थिर भूमितीचा, तर ९० अश्वशक्तीच्या आवृत्तीत बदलत्या भूमितीचा टर्बोचार्जर होता.

रचना व कार्य

टर्बोचार्जरमध्ये एकाच आसावर दोन चक्रे बसवलेली असतात. इंजिनातून बाहेर पडणारे उष्ण वायू टर्बाइनचे चक्र फिरवतात आणि त्याच आसाच्या दुसऱ्या टोकावरील कॉम्प्रेसरचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनाकडे पाठवते. दाबल्यामुळे तापलेली हवा इंटरकूलरमध्ये थंड होते. त्यामुळे सिलिंडरमध्ये अधिक हवा मावते आणि अधिक इंधनाचे पूर्ण ज्वलन होऊ शकते.

छोट्या मोटारींतील टर्बोचार्जरचा आस मिनिटाला १,००,००० पेक्षा अधिक फेरे घेतो. एवढ्या वेगात तो धातूवर न टेकता वंगण तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. त्यामुळे टर्बोचार्जरचे आयुष्य मुख्यतः इंजिन ऑईलच्या पुरवठ्यावर आणि स्वच्छतेवर अवलंबून असते.

हवेचा दाब मर्यादेत ठेवण्यासाठी स्थिर भूमितीच्या टर्बोचार्जरमध्ये वेस्टगेट नावाची झडप असते. बदलत्या भूमितीच्या प्रकारात टर्बाइनभोवतीच्या पात्यांचा कोन बदलून दाब नियंत्रित केला जातो. जुन्या मोटारींत ही पाती बहुधा निर्वातावर चालणाऱ्या ॲक्च्युएटरने हलवली जातात.

लक्षणे

• शक्ती घटणे : चढावर किंवा ओव्हरटेक करताना गाडीला पिकअप मिळत नाही.
• काळा धूर : इंधनाच्या मानाने हवा अपुरी पडल्याचे लक्षण. नळीतील गळती, तुंबलेला एअर फिल्टर किंवा सदोष इंजेक्टर यांमुळेही तो येतो.
• निळसर धूर : इंजिन ऑईल जळत असल्याचे लक्षण. तेल टर्बोचार्जरमधून येते, तसेच झिजलेल्या पिस्टन रिंगांमधूनही येऊ शकते.
• आवाज : वेगाबरोबर चढत जाणारा सायरनसारखा आवाज किंवा धातू घासल्याचा आवाज हे आतील झीज सुचवतात. हवा सुटल्यासारखा फुसफुस आवाज मात्र बहुधा नळीतील गळतीचा असतो.
• इंजिनाचा दिवा : संगणकाला अपेक्षित दाब न मिळाल्यास पी०२९९ आणि दाब मर्यादेबाहेर गेल्यास पी०२३४ हा दोषसंकेत नोंदला जातो. त्यानंतर अनेक मोटारी शक्ती मर्यादित करणाऱ्या सुरक्षा अवस्थेत जातात. दोषसंकेत दाब चुकल्याचे सांगतो. कोणता भाग बिघडला हे सांगत नाही.

पडताळणीचा क्रम

निदान करताना सोप्या व कमी खर्चाच्या तपासण्या प्रथम केल्या जातात.

१. तेल व गाळण्या : इंजिन ऑईलची पातळी व स्थिती, एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर तपासतात. तुंबलेल्या डिझेल फिल्टरमुळेही शक्ती घटते, मात्र तेव्हा काळा धूर सहसा दिसत नाही.

२. दाबाच्या नळ्या : टर्बोचार्जरपासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून इंजिनापर्यंतच्या होज पाइपांच्या खालच्या बाजू व क्लॅम्प पाहतात. नळीबाहेर ताजा तेलकट डाग असल्यास तेथे गळतीची शक्यता असते. काही चिरा दाब आल्यावरच उघडतात. म्हणून संशय राहिल्यास प्रणालीत बाहेरून हवा भरून गळती शोधतात.

३. निर्वाताच्या नळ्या व ॲक्च्युएटर : बारीक रबरी नळ्या उष्णतेने तडकतात. हातपंपाने निर्वात दिल्यावर ॲक्च्युएटरची दांडी सहज हलून तेथेच टिकली पाहिजे. निर्वात टिकत नसेल तर पडदा फाटलेला असतो. निर्वात टिकूनही दांडी हलत नसेल तर आतील पाती काजळीने अडकलेली असू शकतात. दोन्ही ठीक असतील तर दाब नियंत्रित करणाऱ्या विद्युत झडपेकडे लक्ष द्यावे लागते.

४. संवेदक व अन्य झडपा : उघडी अडकलेली ईजीआर झडप, हवेचे प्रमाण किंवा दाब मोजणारा सदोष संवेदक आणि तुंबलेले सायलेन्सर यांमुळेही हीच लक्षणे दिसतात. स्कॅनरवर अपेक्षित दाब आणि प्रत्यक्ष दाब यांची तुलना केल्यास दोष केव्हा उद्भवतो हे समजते.

५. आसाची तपासणी : इंजिन बंद व थंड असताना हवा आत घेणारी नळी काढून कॉम्प्रेसरचे चक्र बोटाने फिरवतात. ते मोकळेपणाने फिरले पाहिजे. आस आडव्या दिशेने किंचित हलणे स्वाभाविक असते, कारण तेलाच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेली असते. मात्र चक्र आवरणाला घासणे, पाती तुटलेली किंवा वाकलेली असणे, अथवा आस मागेपुढे स्पष्टपणे सरकणे ही बिघाडाची खात्रीशीर चिन्हे आहेत.

इंटरकूलरच्या नळीत तेलाचा पातळ थर आढळणे हा टर्बोचार्जर निकामी झाल्याचा पुरावा नव्हे. क्रँककेसमधील तेलाची वाफ याच मार्गात सोडलेली असल्याने असा थर सामान्यतः असतोच. नळीत तेल साचलेले असेल तर मात्र पुढील तपास आवश्यक ठरतो. तेल परत नेणारी नळी तुंबल्यास किंवा क्रँककेसमधील दाब वाढल्यास निर्दोष टर्बोचार्जरमधूनही तेल बाहेर पडते.

बिघाडाची कारणे

टर्बोचार्जर क्वचितच स्वतःच्या दोषाने निकामी होतो. तेलाचा अपुरा पुरवठा, दूषित किंवा जुने तेल, हवेबरोबर आत शिरलेली बाह्य वस्तू आणि वायूंचे अतिरिक्त तापमान ही प्रमुख कारणे होत. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद केल्यास तेलाचा प्रवाह थांबतो आणि तप्त भागातील तेल जळून त्याचा कोळसा होतो. हाच कोळसा पुढे तेलाचे मार्ग अडवतो. म्हणून अशा प्रवासानंतर इंजिन एक-दोन मिनिटे मंद गतीवर चालू ठेवण्याची शिफारस केली जाते.

बदलताना घ्यावयाची काळजी

टर्बोचार्जर बदलताना इंजिन ऑईल व ऑईल फिल्टर बदलणे, तेल पुरवणारी नळी बदलणे किंवा पूर्ण स्वच्छ करणे आणि परतीची नळी मोकळी असल्याची खात्री करणे आवश्यक असते. जुन्या टर्बोचार्जरची पाती तुटली असल्यास त्यांचे तुकडे इंटरकूलरमध्ये राहून पुढे इंजिनात जाऊ शकतात. म्हणून तोही तपासावा लागतो. नवा टर्बोचार्जर सुरू करण्यापूर्वी त्याच्या बेअरिंगांना तेल पोहोचवतात आणि आरंभी इंजिन मंद गतीवरच चालवतात.

धोका

तेलाची गळती वाढल्यास डिझेल इंजिन स्वतःच्याच वंगण तेलावर चालू लागण्याचा धोका असतो. अशा वेळी इंजिनाची गती अनियंत्रितपणे वाढते आणि दाट धूर येतो. डिझेलचा पुरवठा तोडूनही तेल जळत राहत असल्याने चावी बंद केल्यावर इंजिन थांबत नाही. हाताने गिअर बदलण्याच्या मोटारीत ब्रेक घट्ट दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडल्यास इंजिन बंद पडू शकते. हवेच्या मार्गात हात घालणे अत्यंत धोकादायक असते. इंजिन आटोक्यात येत नसल्यास सर्वांनी गाडीपासून दूर जाणे हेच सुरक्षित ठरते. त्यामुळे निळसर धूर आणि तेलाची पातळी झपाट्याने घटणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास तपासणी होईपर्यंत मोटार चालवू नये.