सायबाच्या वाटेने मलाक्काला

दर वर्षी ३ डिसेंबरच्या फेस्ताला आपण जुन्या गोव्याला जातो, सायबाच्या चरणी मेणबत्ती अर्पण करतो आणि घरी परततो. ते पवित्र शरीर गोव्यात येण्यापूर्वी कित्येक महिने एका दूरच्या टेकडीवर मातीत विसावले होते, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी थोड्यांच्याच ध्यानात असते. संत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांशियान बेटावर निवर्तले. मार्च १५५३ मध्ये त्यांचे शरीर मलाक्कास आणून तेथील टेकडीवरच्या पवित्र मातेच्या देवळात पुरण्यात आले. त्या वर्षाच्या अखेरीस ते गोव्याकडे निघाले व मार्च १५५४ मध्ये येथे पोहोचले. हे मलाक्का आज मलेशिया देशात आहे.

पूर्वी असा प्रवास आपल्यासारख्यांनी मनातही आणला नसता. परंतु ५ जानेवारी २०२३ पासून मोपा येथून विमाने उडू लागली. पेडण्याच्या ज्या कुटुंबांच्या जमिनी त्यापायी गेल्या त्यांचे दुःख आम्ही विसरलेलो नाही. पण विमानतळ दाराशी आलाच आहे, तर त्याचा एखादा चांगला उपयोग आपल्यालाही का होऊ नये? धारगळच्या माणसाला आता विमान गाठण्यासाठी दाबोळीपर्यंत जावे लागत नाही. मोपाहून मुंबई, बंगळूर किंवा चेन्नई गाठावी आणि तेथून क्वालालंपूरचे विमान धरावे. चेन्नईहून हा प्रवास सुमारे चार तासांचा आहे.

प्रथम कागदपत्रांचे पाहावे. पासपोर्टची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून निदान सहा महिने शिल्लक असली पाहिजे. आपल्याकडे एकाच माणसाचे नाव बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आधार कार्डावर तिसरे असते. आडनावाच्या शेवटी एका ठिकाणी ‘एस’ तर दुसऱ्या ठिकाणी ‘झेड’! हा गुंता तिकीट काढण्यापूर्वी सोडवावा. तिकिटावरील नाव पासपोर्टाबरहुकूम नसेल, तर विमानतळावर कोणाचीही रदबदली चालत नाही. ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे, त्यांनी परत भारतात प्रवेश करण्यासाठी ओसीआय कार्ड किंवा व्हिसा जवळ आहे ना, हे आधी पाहावे.

भारतीय पासपोर्ट असलेल्या पर्यटकांना १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियात तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. पुढील वर्षी जाणाऱ्यांनी नवीन नियम काय तो विचारून घ्यावा. पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत आगमनाचा एक फॉर्म इंटरनेटवर भरावा लागतो. तो विनामूल्य आहे; त्यासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेची पावती आणि खर्चापुरते पैसे दाखविण्याची तयारी ठेवावी.

येथेच आईबापांना एक गोष्ट कळकळीने सांगावयाची आहे. व्हिसा लागत नाही, याचाच फायदा घेऊन काही दलाल आपल्या मुलांना सांगतात, “आत्ता पर्यटक म्हणून जा, नोकरीचे कागद तेथे गेल्यावर होतील.” हे असत्य आहे. पर्यटक म्हणून गेलेल्यास तेथे काम करण्याची परवानगी नाही. पकडला गेल्यास तुरुंगवास आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने अशाच बनावट नोकऱ्यांविषयी जाहीर इशारा दिला होता: थायलंडमधील नोकरीच्या नावाने नेलेल्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये डांबून त्यांच्याकडून लोकांना फसविण्याचे काम करवून घेतले जात होते. दलाल सरकारदरबारी नोंदलेला आहे की नाही, हे ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. मुलगा नोकरीसाठी निघाला असेल, तर एक पैसा देण्यापूर्वी ते पाहावे. ज्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा आहे, त्याला मलेशियात नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारची मंजुरी घ्यावीच लागते. आणि कोणाचेही पुडके, मग तो शेजारी का असेना, न उघडता नेऊ नये. अमली पदार्थांबाबत तेथील कायद्यात मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे.

आता मलाक्काचा रस्ता. क्वालालंपूर शहरात शिरण्याची गरज नाही. विमानतळावरूनच मलाक्काची बस मिळते व दोन-अडीच तासांत पोहोचविते. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. नाणे रिंगिट. विजेच्या खुंट्या चौकोनी तीन दांड्यांच्या असतात, म्हणून मोबाइलसाठी जोडखुंटी न्यावी. घरचे चोरीस मात्र नेऊ नये. मांसाचे पदार्थ परवान्यावाचून आत नेता येत नाहीत.

टेकडीवर सकाळीच चढावे, कारण ऊन फार. पायऱ्या आहेत, म्हाताऱ्यांनी बसत बसत जावे. वर १५२१ मध्ये बांधलेल्या देवळाच्या छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत आणि आत जाळीने झाकलेला तो रिकामा खड्डा आहे. बाहेर सायबाचा पांढरा पुतळा आहे, त्याचा उजवा हात तुटलेला. झाड पडून तो मोडला, असे तेथे सांगतात. १६१४ मध्ये संताचा उजवा हात खरोखरच वेगळा करून रोमला नेण्यात आला, हे ज्याला ठाऊक आहे तो त्या पुतळ्यापुढे क्षणभर थबकल्याशिवाय राहत नाही.

खाली चौकातील लाल चर्च आपले नव्हे, ते अँग्लिकन पंथाचे आहे. मिस्सेसाठी तेथे शिरू नये. आपले संत फ्रान्सिस झेवियर चर्च तेथून थोड्या पावलांवर आहे, १८४९ चे. त्याहून जुने म्हणजे १७१० चे संत पीटर चर्च. गावाबाहेर समुद्रकाठी पोर्तुगीज वस्ती आहे. तेथील कोळी कुटुंबे क्रिस्तांग नावाची पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात आणि २९ जूनला संत पेद्रूचे फेस्त करतात. त्यांचे ‘देबल’ नावाचे शिर्क्याचे तिखट कालवण खाऊन पाहावे. आपल्या विंदालूची आठवण होते.

भाषेची भीती बाळगू नये. इंग्रजी पुष्कळांना समजते, आणि मलय भाषेतही आपले शब्द भेटतात: इगर्जीला ‘गेरेजा’, जनेलाला ‘जेन्देला’, मेजाला ‘मेजा’, तुवाल्याला ‘तुआला’. पोर्तुगीज जहाजांनी एकच गाठोडे दोन किनाऱ्यांवर सोडले, दुसरे काय!

कधी जावे, असे कोणी विचारील. जूनच्या फेस्ताला जावे तर आपल्याकडे शेताची कामे असतात. जानेवारी-फेब्रुवारीत हात थोडे मोकळे असतात, म्हणून तेव्हाचे तिकीट पाच-सहा महिने आधी काढावे. डिसेंबरच्या तीन तारखेला मात्र कोणी तेथे जाऊ नये. त्या दिवशी साहेब जुन्या गोव्यात असतात.