पोटॅशियम वाढले कोठे : शरीरात की नमुन्यात?

रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त रुग्णाच्या अहवालात पोटॅशियम ७ किंवा ८ असे आढळले, की नातेवाइकांची धावपळ सुरू होते. ती अनाठायी नसते. प्रौढांच्या रक्तात पोटॅशियमचे प्रमाण लिटरमागे साधारणतः ३.५ ते ५ मिलिमोल असते. ते फार वाढल्यास हृदयाची लय बिघडून मृत्यूही ओढवू शकतो. मात्र ल्युकेमियात हा आकडा कधीकधी फसवा असतो. या आभासी वाढीला वैद्यकशास्त्रात 'स्यूडोहायपरकॅलेमिया' म्हणतात.

शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. ल्युकेमियात त्यांची संख्या एक लाखाच्याही पुढे जाऊ शकते. या पेशी नाजूक असतात. रक्त जोराने ओढले गेले, नळीला हादरे बसले किंवा यंत्रात ती वेगाने फिरवली गेली, की त्या फुटतात आणि त्यांतील पोटॅशियम नमुन्यात उतरते. वाढ नळीत होते, रुग्णाच्या शरीरात नव्हे.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. सेनगाव, कळमनुरी किंवा औंढा नागनाथ येथे घेतलेला नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागल्यास वाटेत वेळ जातो. नमुना बर्फात ठेवल्यास पेशींतील पोटॅशियम बाहेर झिरपते व आकडा वाढतो. उलट मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो उष्ण जागी राहिल्यास असंख्य पांढऱ्या पेशी पोटॅशियम आत ओढून घेतात आणि आकडा खोटाच कमी दिसतो. म्हणजे फसगत दोन्ही बाजूंनी संभवते.

चुकीच्या आकड्यावर विसंबून पोटॅशियम उतरवणारे उपचार केल्यास ते धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. परंतु प्रत्येक वाढ खोटी मानणेही तितकेच घातक. केमोथेरपी सुरू झाल्यावर कर्कपेशी झपाट्याने नष्ट होतात, तेव्हा रक्तातील पोटॅशियम खरोखरच वाढते. या अवस्थेस 'ट्यूमर लायसिस सिंड्रोम' म्हणतात व तीत तातडीचे उपचार लागतात.

खरे-खोटे ठरवण्यासाठी डॉक्टर प्रथम ईसीजी काढतात. मात्र केवळ ईसीजी सामान्य आहे म्हणून धोका नाही, असे ठरत नाही. मूत्रपिंडाचे कार्यही पाहिले जाते. त्यानंतर दंडाला पट्टा फार वेळ न आवळता, मूठ वारंवार न वळवता पुन्हा रक्त घेतले जाते. ते हादरे न देता हातोहात नेऊन, शक्य असल्यास रुग्णालयातील ब्लड गॅस यंत्रावर लगेच तपासणे श्रेयस्कर.

नातेवाइकांनी रक्त देताना आजाराची व पांढऱ्या पेशींच्या संख्येची माहिती तंत्रज्ञास आवर्जून द्यावी, जुने अहवाल सोबत ठेवावेत. औषधे स्वतःहून बंद करू नयेत किंवा वाढवू नयेत. फेरतपासणीचा सल्ला मिळाल्यास तो खर्च वाढवण्याचा डाव समजू नये; त्या दुसऱ्या नळीवरच पुढील उपचारांची दिशा ठरते.