सात वर्षांचा पैसा

सकाळी सव्वानऊ

शाखेत पाय ठेवला की पहिलं काम थकबाकीच्या यादीचं. हप्ता चुकला की खातं एसएमए-०, तीस दिवस उलटले की एसएमए-१, साठ उलटले की एसएमए-२ आणि नव्वदच्या पलीकडे एनपीए, म्हणजे अनुत्पादक. लघुउद्योगांची कर्जं बघणाऱ्या माणसाची झोप याच पायऱ्यांवर अवलंबून. आज यादीत कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावचा एक जॉबवर्कवाला आहे. फोन लावला.

‘‘माल जाऊन तीन महिने झालं साहेब, कंपनी पैसे सोडंना.’’

लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकतं केलं नाही, तर खरेदीदाराला ते प्रत्यक्ष चुकतं करेपर्यंत करात त्याची वजावट मिळत नाही. ही तरतूद त्याला माहीत आहे. तक्रार केली की पुढची ऑर्डर दुसऱ्याकडे जाते, हेही माहीत आहे. शुक्रवारी अर्धा हप्ता भरतो म्हणाला. लिहून ठेवलं.

साडेदहा

शिरोलीच्या एका फाउंड्रीची फाईल. मागणी ७० लाखांची, मुदत सात वर्षं. कोकवर चालणारी जुनी क्युपोला काढून विजेची इंडक्शन फर्नेस बसवायची आहे. बँकेची अडचण इथं सुरू होते, आणि ती ग्राहकाला कधीच दिसत नाही. आमच्याकडच्या ठेवी वर्ष-दोन वर्षांच्या. पेन्शनर मंडळी लांबची पावती करायला राजी नसतात. त्यांचा पैसा सात वर्षं भट्टीत अडकवला आणि ते मधेच मागायला आले तर? म्हणून खेळत्या भांडवलाच्या कर्जाला बँका पटकन तयार होतात आणि यंत्राचं कर्ज म्हटलं की घसा खाकरतात.

ही फट बुजवायला सिडबी, म्हणजे लघुउद्योग विकास बँक, आहे. १९९० साली स्थापना, मुख्यालय लखनौला. आम्ही आधी उद्योजकाला कर्ज द्यायचं, मग त्यापोटी सिडबीकडून रिफायनान्स घ्यायचा आणि तो सावकाश फेडायचा. सिडबीकडे हा पैसा रोख्यांतून येतो, तसा बाहेरूनही: जागतिक बँक, जर्मनीची केएफडब्ल्यू, जपानची जायका. लघुउद्योगांच्या ऊर्जाबचतीसाठी २००८ साली जायकानं सिडबीला ३००० कोटी येनांचं कर्ज मंजूर केलं होतं. आणखी एक वाट मला फार गमतीची वाटते. ज्या बँका छोट्यांना पुरेशी कर्जं देत नाहीत आणि प्राधान्य क्षेत्राचं उद्दिष्ट चुकवतात, त्यांना तुटीची रक्कम नाबार्ड, सिडबी अशा संस्थांच्या निधीत कमी व्याजानं ठेवावी लागते. म्हणजे ज्यांनी शिरोलीकडे पाठ फिरवली, त्यांचाच पैसा लखनौमार्गे शिरोलीला येऊ शकतो.

‘‘जपानचा पैसा असला तर जपानच्या व्याजानं द्या की!’’ असं ग्राहक म्हणतात. पण येनचा रुपया होताना विनिमय दराची जोखीम आडवी येते, हमीचं शुल्क लागतं, मग सिडबीचं मार्जिन आणि शेवटी आमचं. शिरोलीत पोचेपर्यंत दर बाजाराच्या आसपास आलेला असतो. मिळते ती लांब मुदत, आणि भट्टीवाल्याला तीच हवी असते.

साडेबारा

शिरोली. कागदावर सगळं ठीक आहे, म्हणून कागद सोडून हिंडलो. आधी रिजेक्शनचा ढीग बघितला. ताळेबंदात तो कधी दिसत नाही. मग डिस्पॅचचं रजिस्टर, मग विजेची बिलं. पूर्वी इथं उसाला पाणी उपसणाऱ्या ऑइल इंजिनांची कास्टिंग होत. आता गिऱ्हाईक वाहनांच्या भागांचं आहे आणि ते प्रत्येक हीटची, म्हणजे भट्टीतल्या प्रत्येक घाण्याची, रासायनिक तपासणी मागतं. क्युपोलात ते नियंत्रण जमत नाही. थोरल्या मालकांना हे पटलेलं नाही, मुलाला पटलंय. दोघंही एकाच वेळी बोलतात.

कोटेशन मुलानं पाठ केलं होतं. मी विचारलं, ‘‘वाढीव लोडचं काय?’’

तो गप्प. थोरले हसले. ‘‘भट्टी येईल हो साहेब. लाईट कवा येणार, ते महावितरणला विचारा.’’

ट्रान्सफॉर्मर आणि केबल कोटेशनमध्ये नव्हतेच. लोड मंजूर होऊन वीज येईपर्यंत फर्नेस नुसती उभी राहणार, आणि मागितलेला मोरेटोरियम, म्हणजे हप्त्यांना सुट्टी, सहा महिन्यांचा. अशी कर्जं बुडतात ती ऑर्डर नसल्यामुळे कमी. गार भट्टीवर हप्ता सुरू झाला, म्हणून जास्त. तिथंच बसून नव्यानं आकडे मांडले. मोरेटोरियम वर्षाचा, ट्रान्सफॉर्मर प्रकल्पखर्चात, मालकांचं मार्जिन, म्हणजे त्यांचा स्वतःचा वाटा, थोडं वाढवून. मार्जिन म्हटल्यावर थोरले उठून आत गेले. बऱ्याच वेळानं चहा घेऊन मुलगा आला आणि ‘‘आबा तयार हाईत’’ म्हणाला.

तीन

डबा खाताखाताच सुभाषनगरच्या एक मावशी आल्या. घरात चार माणसं कोल्हापुरी चपला करतात, माल दुकानदार उचलतो. ३ लाख हवेत: चामड्याला आणि एका शिलाई मशीनला. जीएसटी नंबर नाही, पण उद्यम असिस्टवरचं प्रमाणपत्र आहे. एवढ्या रकमेला सूक्ष्म उद्योगाकडे तारण मागायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०१० सालीच बजावलंय. मुद्राच्या किशोर गटात रक्कम बसते, कर्जाला हमीनिधीचं छत्रही मिळतं. अडतंय ते उलाढालीवर. दुकानदार रोख देतो आणि पावती देत नाही.

‘‘वही आहे,’’ म्हणाल्या. ‘‘नातीनं लिवलेली.’’

साडेपाच

रिफायनान्सच्या क्लेमची यादी मुख्य कार्यालयाला पाठवायची वेळ. उद्यम क्रमांक, यंत्राचा तपशील, प्रदूषण मंडळाची संमती, कामगार किती, त्यात बायका किती. परदेशी पैसा असला की रकाने वाढतात, कारण तिकडच्या संस्थांनाही कुणाला तरी हिशेब द्यायचा असतो. त्यात गैर काही नाही. पण या रकान्यांत सहज बसतात ते ज्यांच्याकडे सीए आहे ते. शिरोलीचं कर्ज मंजूर होऊन रक्कम गेली की या यादीत आरामात बसेल. मावशींचं ओढूनताणून.

वरून आणखी एक गोष्ट. उद्योजकानं हप्ता बुडवला तरी सिडबीचे पैसे आम्ही वेळेवर भरायचेच. जोखीम जिथल्या तिथं, आमच्या गळ्यात. रिफायनान्समुळे पैशाची मुदत वाढते, पण त्यानं बँकेची छाती रुंद होत नाही. हे धोरण आखणाऱ्यांच्या ध्यानात येत नसेल असं नाही. किती कोटी वाटले हे मोजणं सोपं. ते घेणाऱ्यांतल्या किती जणांना एरवीही कर्ज मिळालंच असतं, हे कोण मोजणार?

पावणेसात

मॅनेजरसाहेबांनी शिरोलीच्या नोटवर सही केली, मोरेटोरियमचा बदल विचारून घेतला. मग मावशींचा अर्ज उचलला.

‘‘याला उलाढालीचा पुरावा?’’

‘‘वही आहे सर. दुकानदाराशी ताडून बघतो, चामड्याच्या व्यापाऱ्याकडची उधारीही बघतो. माल किती उचलला ते तिथं कळेल.’’

‘‘तीन लाखांसाठी एवढं?’’

‘‘सत्तर लाखांसाठी अर्धा दिवस गेलाच की सर.’’

त्यांनी अर्ज परत माझ्याकडे सरकवला. उद्या सकाळी आधी सुभाषनगर, नंतर शाखा. यादीतले फोन तिथूनच करीन.